गोळीबारात पडलेला जखमी : मेडिकने कुठून सुरुवात करायची

"मेडिक!" अशी हाक आली की पाय आपोआप त्या दिशेला उचलले जातात. तेव्हाच स्वतःला आवरायचं. पहिले तीन-चार सेकंद आडोशामागून बघायचं: गोळी कुठून येतेय, जखमी कुठे पडलाय, तो हलतोय का, मधे मोकळं मैदान किती आहे. ज्या बंदुकीने तो पडला ती बहुतेक वेळा अजून त्याच जागेवर रोखलेली असते. धावत जाऊन त्याच्या शेजारी आडवा झालेला मेडिक म्हणजे दुसरा जखमी, आणि आता तुकडीत उपचार करणारं कोणीच नाही. मेडिकच्या धाडसाची चर्चा होते तेव्हा सगळ्यांना त्याचं धावणं आठवतं. मित्र नाव घेऊन ओरडत असताना ते चार सेकंद जागेवर थांबणं त्याहून अवघड आहे, आणि तेच आधी शिकवावं लागतं.

इथे दिलेला क्रम १९९६ मध्ये अमेरिकी सैन्याच्या डॉक्टरांनी मांडलेल्या आणि पुढे अनेक देशांनी उचललेल्या पद्धतीचा आहे. तिचे तीन टप्पे आहेत: गोळीबार चालू असताना, आडोशाला आल्यावर, आणि मागे नेताना. क्रम लक्षात ठेवायला इंग्रजीतला 'मार्च' (MARCH) हा शब्द वापरतात. त्यातली अक्षरं ओळीने अशी: जोरदार रक्तस्राव, श्वासमार्ग, छाती, रक्ताभिसरण, आणि शेवटी थंडी व डोक्याची इजा. शहरातल्या प्रथमोपचारात श्वासमार्ग पहिला शिकवतात, इथे रक्त पहिलं. मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत जाऊ शकतो.

हा क्रम अंदाजाने लावलेला नाही. २००१ ते २०११ या काळात इराक-अफगाणिस्तानातल्या लढायांत मेलेल्या ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८७ टक्के जण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोहोचण्याआधीच गेले होते. त्यांच्यापैकी साधारण चौथा हिस्सा कदाचित वाचू शकला असता, आणि या वाचू शकणाऱ्यांत ९१ टक्के मृत्यू रक्त गेल्याने झाले होते. श्वासमार्ग अडल्याने ८ टक्के. मेडिकची बॅग आणि त्याच्या सरावाचे तास याच प्रमाणात वाटलेले असले पाहिजेत.

एक सूचना आधीच. रक्त थांबवणं प्रत्येक सैनिकाला यायला हवं. सुया, नळ्या आणि औषधं मात्र प्रशिक्षकाच्या समोर हात बसल्याशिवाय कोणाच्या अंगावर आजमावायची नाहीत.

बॅग भरताना

नियम पहिला: जखमीवर आधी त्याचंच सामान वापरायचं. प्रत्येक सैनिकाच्या अंगावर एक छोटं पाकीट हवं आणि ते सगळ्यांचं एकाच जागी हवं, म्हणजे अंधारात शोधाशोध होत नाही. त्यात टूर्निकेट, म्हणजे हातापायाभोवती आवळून रक्त थांबवायचा, दांडीने पीळ द्यायचा पट्टा (एक चालेल, दोन बरे), रक्त गोठवणारं गॉज, प्रेशर बँडेज, छातीच्या भोकावर चिकटवायचे दोन चेस्ट सील, नाकात घालायची मऊ नळी, हातमोजे, मार्कर आणि जखमीचं कार्ड. चेस्ट सील दोन अशासाठी की पुढून शिरलेली गोळी पुष्कळदा मागून बाहेर पडते.

टूर्निकेट छातीच्या मध्यावर ठेवा, डावा किंवा उजवा कुठलाही एक हात पोहोचेल असा. प्लास्टिकच्या वेष्टनातून काढून, पट्टा मोठ्या फासासारखा उघडा ठेवून, रबराने बांधून. रक्ताने माखलेल्या बोटांनी वेष्टन फाटत नाही. मात्र महिनोन्‌महिने उन्हात, धुळीत बाहेर राहिलेलं प्लास्टिक कमकुवत होतं आणि ऐन वेळी दांडी मोडते, म्हणून बाहेरचे टूर्निकेट ठरावीक काळाने बदलावे लागतात. सरावाचे वेगळ्या रंगाचे ठेवा. पीळ देऊन देऊन ताणलेला टूर्निकेट चुकून खऱ्या पाकिटात गेला, तर ते कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

मेडिकच्या मोठ्या बॅगेत वरच्या कप्प्यात रक्ताचं सामान, त्याखाली श्वासाचं, त्याखाली छातीचं, तळाशी औषधं आणि ब्लँकेट. डोळे मिटून प्रत्येक वस्तू दहा सेकंदांत हातात यायला हवी. येत नसेल तर बॅगेत सामान जास्त झालंय.

गोळीबार चालू असताना

तोंड वापरा. "तुला हलता येतंय का? माझ्याकडे सरपटत ये!" शुद्धीवर असलेल्या जखमीला लांबूनच टूर्निकेट लावायला लावता येतं: "डावी मांडी! अगदी वर लाव! पीळ, अजून पीळ!" त्याला आडोसा जवळ नसेल आणि हलताही येत नसेल, तर निपचित पडून राहायला सांगा. हलणाऱ्यावर पुन्हा गोळी येते. या वेळी सगळ्यात गुणकारी उपचार म्हणजे आपल्या तुकडीने समोरची बंदूक गप्प करणं, आणि त्यासाठी मेडिकची स्वतःची रायफलही मोजली जाते.

जायचं ठरलं तर आधी चार गोष्टी ठरवा: कोण कव्हर देणार, धूर टाकायचा का, ओढून नेमका कुठे आणायचा, आणि निघायची खूण काय. सामानासकट माणूस सहज शंभर किलोच्या वर जातो. एकट्याने ओढायला निघालेला मेडिक पंधरा पावलांत दमतो आणि उभा राहतो, आणि उभं राहिलं की संपलं. दोघं असाल तर वेग बराच वाढतो, पण मग तुकडीच्या दोन बंदुका कमी होतात. हा हिशोब मेडिकने नाही, तुकडीच्या प्रमुखाने करायचा. जॅकेटच्या मानेमागचं हँडल धरून, शरीराच्या लांबीच्या रेषेत ओढा. हाताला धरून ओढलं तर खांदा निखळतो. गोळीच्या किंवा छर्‍याच्या जखमेत मान सांभाळण्यापायी उघड्यावर वेळ घालवू नका. स्फोटाने उडालेला किंवा उंचावरून पडलेला असेल तर मानेचा विचार आडोशाला आल्यावर करा.

उघड्यावर एकच उपचार: हातापायातून उसळणाऱ्या रक्ताला टूर्निकेट. कपड्यांवरूनच, जखम शोधत न बसता, हातापायाच्या शक्य तितक्या वरच्या टोकाला. खिशात गोळ्यांचं मॅगझिन किंवा मोबाइल असेल तर पट्टा त्यावरून जाऊ देऊ नका. श्वासमार्ग, छाती, पट्ट्या हे सगळं भिंतीमागे.

आडोशाला आल्यावर सगळ्यात आधी

शस्त्र काढून घ्या. शुद्ध हरपत चाललेल्या, किंवा वेदनाशामक दिलेल्या माणसाच्या हातात भरलेली रायफल आणि पाउचमध्ये ग्रेनेड म्हणजे काय ते सांगायला नको. रेडिओही काढा. घाबरलेला जखमी पूर्ण वाहिनी अडवून धरतो.

हातमोजे घाला. घाईत हे पहिलं विसरलं जातं. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन १९३९ मध्ये चीनच्या आघाडीवर मोज्यांविना शस्त्रक्रिया करत असताना त्यांचं बोट कापलं. त्या जखमेतून रक्तात विष पसरलं आणि १२ नोव्हेंबरला ते गेले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस पुढे ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते याच बेथ्यूनच्या नावाचं.

आता हात फिरवा. मान, काखा, पाठ, कंबर, जांघा, पाय, या क्रमाने दोन्ही तळवे अंगाखाली घालून बाहेर काढायचे आणि प्रत्येक वेळी मोज्यांकडे बघायचं. रात्री रंग दिसत नाही. रक्त कोमट आणि चिकट लागतं, घाम पातळ. पाठ सगळ्यात जास्त राहून जाते, कारण माणूस उताणा पडलेला असतो आणि समोरची जखम डोळ्यांत भरते. कपडे कापायचे ते लागतील तेवढेच. कारण थंडी, ते पुढे येईल.

टूर्निकेट, जवळून

आता घाई थोडी कमी आहे, तेव्हा जखम उघडी करून टूर्निकेट नीट लावता येतो: उघड्या त्वचेवर, जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, गुडघा किंवा कोपर टाळून.

पट्टा पायाभोवती घ्या, बकलातून ओवा आणि दांडीला हात लावण्याआधी पट्टा जिवाच्या आकांताने ओढा. सगळा खेळ या ओढण्यात आहे. पट्टा आणि त्वचा यांच्यामधे तीन बोटांची टोकं सरकवून बघा. जात असतील तर पट्टा सैल आहे. मग दांडी फिरवा. तीन अर्ध्या फेऱ्यांच्या आसपास रक्त थांबायला हवं. दांडी फिरतेय, फिरतेय आणि रक्त चालूच आहे, पट्ट्याची गुंडाळी वर उचलली जातेय, असं दिसलं तर चूक दांडीत नाही, ढिल्या पट्ट्यात आहे. सोडा, पुन्हा ओढा. रक्त थांबलं की दांडी क्लिपमध्ये अडकवा, उरलेला पट्टा तिच्यावरून नेऊन वरची पट्टी दाबा.

त्यानंतर पावलावरची किंवा मनगटाची नाडी तपासा. ती लागली तर टूर्निकेट पुरेसा घट्ट नाही. अर्धवट घट्ट टूर्निकेट हा टूर्निकेट नसण्यापेक्षा वाईट: धमनीतून रक्त खाली जात राहतं, शिरांतून परत येत नाही, आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहू लागते. एकाने भागत नसेल तर दुसरा त्याला लागूनच लावा, शक्यतो वरच्या बाजूला. धष्टपुष्ट मांडीला दोन लागणं अगदी नेहमीचं आहे.

नीट लागलेला टूर्निकेट भयंकर दुखतो. जखमी शिव्या देईल, "सैल कर रे, पाय तुटतोय" म्हणून हात धरेल. त्याला आधीच सांगून ठेवा: "दुखणार आहे. दुखतंय म्हणजे बरोबर लागलाय." स्वतः सोडणार नाही ना, यावर लक्ष ठेवा. दर पंधरा मिनिटांनी थोडा सैल करून पायाला रक्त द्यायचं, ही जुनी शिकवण अनेकांच्या डोक्यात अजून आहे. तसं करू नका. दर वेळी थोडं रक्त जातं, आणि थोडं थोडं करत माणूस जातो.

वेळ लिहा, टूर्निकेटवर आणि कार्डावर. ही वेळ पुढे निर्णयाला लागते. दोन तासांच्या आत, जखमी धक्क्यात (शॉकमध्ये, म्हणजे रक्त कमी पडून शरीर खचलेलं) नसेल, अवयव तुटलेला नसेल आणि जखमेवर सतत नजर ठेवता येत असेल, तर टूर्निकेटच्या जागी गॉज भरून आणि प्रेशर बँडेज बांधून बघायचं. सैल केलेला टूर्निकेट जागेवरच राहू द्यायचा. रक्त पुन्हा आलं की लगेच आवळायचा. सहा तास होऊन गेले असतील तर रुग्णालयाबाहेर कोणी त्याला हात लावायचा नाही.

उशिराची किंमत काय, तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या जखमींच्या अभ्यासात धक्का बसण्याआधी टूर्निकेट लागलेल्यांपैकी ९० टक्के जगले, धक्का बसल्यावर लागलेल्यांपैकी १० टक्के. वस्तू तीच, पट्टा तोच.

जांघ, काख आणि मान

इथे टूर्निकेट बसत नाही. इथे बोटं लागतात.

जखमेत बोट घालून रक्त नेमकं कुठून येतंय ते शोधा. वर साठलेलं रक्त बोटांनी बाहेर काढा, नाहीतर गॉज साठलेल्या रक्तावर तरंगत राहतं आणि खाली धमनी वाहतच राहते. उगम सापडला की त्यावर बोट दाबून धरा, हाडाच्या दिशेने. आता दुसऱ्या हाताने गॉजचं टोक त्या बोटाखाली सरकवा. मग एका बोटाने दाब, दुसऱ्याने भरणं, पुन्हा पहिल्याने दाब, असं आलटूनपालटून, दाब एक क्षणही न सोडता. भोक बाहेरून नाण्याएवढं असतं आणि आत मूठभर पोकळी असते, त्यामुळे अख्खा रोल जातो आणि कधी कधी दुसराही. गॉज त्वचेच्या वर तीन-चार सेंटिमीटर आलं की थांबा.

आता दोन्ही तळवे त्यावर, कोपर सरळ, स्वतःचं पूर्ण वजन. रक्त गोठवणारं गॉज असेल तर सलग तीन मिनिटं, साधं असेल तर दहा. घड्याळ लावून. तीन मिनिटं गुडघ्यावर, दंड थरथरताना, आजूबाजूला गोळ्या चालू असताना फार लांब असतात, आणि "थांबलं का बघू" म्हणून पंचेचाळीस सेकंदांनी हात उचलणं ही इथली सगळ्यात मोठी चूक आहे. नुकती बसायला लागलेली गुठळी त्या डोकावण्याने निघून येते. वेळ पूर्ण झाली आणि तरी रक्त येतंय, तर गॉज काढून नवीन भरा किंवा वरून आणखी भरा, पण उगम चुकलाय हे समजा. थांबलं तर वरून प्रेशर बँडेज.

छातीच्या किंवा पोटाच्या पोकळीत गॉज भरत नाहीत. ती पोकळी भरून होत नाही आणि दाब द्यायला मागे काही नसतं. पोटातलं रक्त मेडिक थांबवू शकत नाही. अशा जखमीला लवकर मागे पाठवणं हाच उपचार. बाहेर आलेली आतडी ओल्या स्वच्छ कापडाने झाका, वर प्लास्टिक.

श्वास

बोलतोय, ओरडतोय, म्हणजे मार्ग मोकळा आहे, पुढे चला. जबडा किंवा चेहरा फुटलेला माणूस पुढे वाकून बसू पाहत असेल तर बसू द्या, रक्त बाहेर गळेल. त्याला जबरदस्तीने उताणं झोपवणं म्हणजे त्याच्याच रक्तात बुडवणं. बेशुद्ध असेल तर जबडा पुढे उचला, नाकाची नळी घाला (लांबी नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंत, घालताना दिशा सरळ मागे, वर नाही) आणि कुशीवर वळवा. या सगळ्याने भागलं नाही तर गळ्यातून मार्ग करावा लागतो, आणि तो भाग वाचून शिकायचा नाही.

छाती

गळ्यापासून बेंबीपर्यंतचं कुठलंही भोक छातीचं समजून चाला. त्वचा पुसून कोरडी करा, चेस्ट सील लावा, मग माणूस वळवून मागचं भोक शोधा. घामावर आणि रक्तावर सील चिकटत नाही, आणि "लावलं" असं कार्डावर लिहिलेलं सील स्ट्रेचरवर गळून पडलेलं सापडतं. झडप असलेलं सील बरं.

सील लावल्यावर श्वास सुधारण्याऐवजी बिघडत गेला तर आत हवा कोंडतेय. आधी सीलची एक कड उचलून हवा जाऊ द्या. फरक नसेल तर सुई: १४ किंवा १० गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचं माप), साधारण ८ सेंटिमीटर लांब. पाच सेंटिमीटरच्या सुया दणकट छातीत पोकळीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि मेडिक समजतो की काम झालं. जागा दोन: काखेच्या पुढच्या रेषेवर पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधे, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या मध्यरेषेवर दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे, स्तनाग्राच्या रेषेच्या आत कधीच नाही. सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घाला. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिनी असते. पाच ते दहा सेकंद धरून ठेवा, मग सुई काढा आणि नळी राहू द्या. नळी मुडपते, त्यामुळे थोड्या वेळाने तीच लक्षणं परत आली तर दुसरी सुई टोचायची.

रक्त गेलेला माणूस

रक्तदाबाचं यंत्र लागत नाही. मनगटाची नाडी लागते का, आणि विचारल्याचं उत्तर सरळ देतो का, एवढं बघा. डोक्याला मार नसताना माणूस गोंधळलेला, चिडलेला, "सोडा मला" म्हणणारा झाला तर तो भित्रा किंवा उद्धट नाही. त्याच्या मेंदूला रक्त कमी पडतंय.

सलाईनच्या बाटल्या रिचवू नका. पाण्याने दाब वाढतो, गुठळी निघते, आणि उरलेलं रक्त इतकं पातळ होतं की गोठत नाही. गेलेल्या रक्ताच्या जागी रक्तच हवं. रक्ताची पहिली पिशवी चढवून झाली की १ ग्रॅम कॅल्शियम द्यायचं, कारण पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय गुठळी बनत नाही.

रक्तस्राव कमी करणारं औषध, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड, २ ग्रॅम, शिरेतून हळू, इजेपासून तीन तासांच्या आत आणि जितकं लवकर तितकं. ४० देशांतल्या २०,२११ रुग्णांवरच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध लवकर दिल्याने रक्तस्रावाचे मृत्यू घटले. तीन तासांनंतर दिलं तर उलट वाढले. तेव्हा इजेची वेळ माहीत नसेल तर आधी ती कोणालातरी विचारा.

वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, दोन्ही रक्त गोठू देत नाहीत. धक्क्यातल्या माणसाला मॉर्फिन नको, केटामाइन चालतं. डोक्याला मार असेल तर दोन गोष्टी सांभाळा: श्वास आणि रक्तदाब. धक्का नसेल तर डोक्याकडची बाजू तीस अंश उचला आणि बाहुल्या लहानमोठ्या होतात का बघत राहा.

थंडी

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो, कारण बाहेर चाळीस अंश असतात आणि मेडिक स्वतः घामाने निथळत असतो. जखमी मात्र गार पडत असतो. रक्त गेलं की शरीर उष्णता तयार करू शकत नाही, गार रक्त गोठत नाही, न गोठलेलं आणखी वाहतं, आणि शरीरात आम्ल वाढत जातं. हे तिन्ही एकमेकांना ओढत खाली नेतात.

आधी खालून झाका. जमीन वाऱ्यापेक्षा जास्त उष्णता खेचते. मॅट, पोंचो, पुठ्ठा, काहीही चालेल. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, डोकं झाका. गरम होणारे पॅक छातीवर आणि काखेत, पण त्वचेला थेट लावू नका. बधिर माणसाला भाजल्याचं कळत नाही. टूर्निकेट आणि पट्ट्या मात्र ब्लँकेट उचलून परत परत बघता आल्या पाहिजेत. झाकलेल्या ब्लँकेटखाली शांतपणे रक्त जाऊन माणूस मेलेला सापडणं ही ओळखीची दुर्घटना आहे.

एकाहून जास्त जखमी

जो जोरात ओरडतोय त्याच्याकडे शेवटी जा. ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेल्याकडे आधी. चालता येणाऱ्यांना एका जागी बोलवा, त्यांच्याकडून दाब धरून ठेवण्याचं काम करून घ्या. छातीला किंवा पोटाला मार लागून श्वास-नाडी थांबली असेल तर छातीच्या दोन्ही बाजूंना सुई घालून बघा. नाडी आली नाही तर पुढच्याकडे चला. लढाईत छाती दाबत बसल्याने जखमी परत येत नाहीत, आणि तेवढ्या वेळात शेजारचा जातो. हा निर्णय मोठ्याने बोला, "हा गेला, पुढचा," म्हणजे हाताखालची माणसं तिथे अडकून राहणार नाहीत.

शत्रूचा जखमीही याच रांगेत. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम १२ प्रमाणे आधी कोण हे फक्त वैद्यकीय तातडीवर ठरतं. त्याच कराराने मेडिकला डाव्या दंडावर खूण असलेली पट्टी दिली आहे, आणि कलम २२ प्रमाणे स्वतःच्या व जखमींच्या बचावासाठी शस्त्र बाळगल्याने त्याचं संरक्षण जात नाही. शत्रूच्या जखमीचंही शस्त्र आधी काढायचं, हे ओघानेच आलं.

पाठवणी

कार्डावर एवढं तरी हवं: इजा कशाने, कुठे, नाडी-श्वास-शुद्ध कशी, काय दिलं, किती वाजता. मार्करने, पेन ओल्या कागदावर चालत नाही. हेलिकॉप्टरजवळ ऐकू येत नाही म्हणून कार्ड जखमीच्या अंगावर बांधा, स्वतःच्या खिशात ठेवू नका. चांदीसारखं चमकणारं ब्लँकेट चिकटपट्टीने बांधा, मोकळं राहिलं तर पात्यांच्या वाऱ्याने उडून इंजिनात जातं. सपाटीवर स्ट्रेचर पायाकडून पुढे, चढावर डोक्याकडून.

दोर बॅगेत ठेवा आणि दोन फासांची बोलाइन गाठ अंधारात बांधता येऊ द्या. मे १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावर डेस्मंड डॉस या निःशस्त्र अमेरिकी मेडिकने सुमारे ७५ जखमी एकेक करून खाली सोडले ते अशाच गाठीने: मांड्यांत एकेक फास, उरलेला दोर छातीभोवती. त्याच महिन्यात तो स्वतः जखमी झाला. त्याने स्ट्रेचरवरून उतरून ती जागा जास्त जखमी असलेल्याला दिली, नंतर हात गोळीने फुटला तेव्हा रायफलचा दस्ता फळीसारखा बांधला आणि सुमारे पावणेतीनशे मीटर सरपटत उपचारकेंद्र गाठलं. फळी जवळ नसेल तर जे लांब आणि कडक आहे ते फळी. पण बांधण्याआधी आणि नंतर मोडलेल्या भागाखालची नाडी बघा.

परत आल्यावर

जेवण आणि झोप नंतर, बॅग आधी. पुढची हाक कधी येईल ते कोणी सांगत नाही. काय संपलं ते कार्डांच्या प्रतींवरून मोजा, आठवणीवरून नाही. आठवणीत नेहमी एखादं गॉज जास्त उरलेलं असतं. नखांखालचं आणि घड्याळाच्या पट्ट्यातलं रक्त ब्रशने काढा. हात थरथरत असतील तर भरलेली बॅग दुसऱ्याकडून तपासून घ्या. कात्रीच्या सांध्यात सुकलेलं रक्त राहिलं तर ती पुढच्या वेळी उघडत नाही, म्हणून ती पाण्यात उघडी ठेवा, पुसा, तेलाचा थेंब सोडा. मार्कर उघडून एक रेघ मारून बघा. वापरलेले टूर्निकेट बॅगेत परत जात नाहीत. ते कापून टाका.